चिनी मातीवरचे सोने

चिनी मातीच्या ताटलीवर सोने चढते ते सगळ्यात शेवटी. ही माती 1300 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून जास्त आचेवर भाजावी लागते, तर सोने 1064 अंशांनाच वितळते. म्हणून मूळ भाजणी, झिलई आणि रंगकाम उरकल्यावर सोन्यासाठी 700 ते 800 अंशांच्या आसपास वेगळी भाजणी करतात. दुसरी अडचण चिकटण्याची. झिलई ही एक प्रकारची काचच, तिच्यात काही मुरत नाही. नुसता वर्ख डिंकाने किंवा तेलाच्या लेपाने बसवला, तर काही वर्षांच्या हाताळणीत तो निघून जातो.

चीनमध्ये सोंग काळापासून पांढऱ्या भांड्यांवर वर्ख बसवत असत. आज त्यांतल्या बऱ्याच भांड्यांवर पुसट खुणाच तेवढ्या उरल्या आहेत. मिंग सम्राट जियाजिंगच्या काळात (1522 ते 1566) लाल रंगावर सोन्याची वेलबुट्टी काढलेली भांडी झाली आणि जपानी रसिकांनी ती जपून ठेवली. पुढे सतराव्या शतकात जपानच्या आरिता भागात झिलईखाली निळा रंग आणि वर लाल व सोनेरी, अशी भांडी होऊ लागली. ती इमारी बंदरातून बाहेर पडत, म्हणून इमारी याच नावाने ओळखली जातात. डच ईस्ट इंडिया कंपनीने ती युरोपात नेली आणि तिथल्या राजवाड्यांना त्यांचे वेड लागले.

त्या वेडातूनच जर्मनीतल्या माइसनचा कारखाना उभा राहिला. योहान फ्रीडरिश ब्योटगर हा तरुण किमयागार हलक्या धातूचे सोने करून दाखवण्याचा दावा करीत असे. सॅक्सनीचा शासक ऑगस्टस याने त्याला कैदेत ठेवले आणि कामाला लावले. सोने काही झाले नाही. मात्र शास्त्रज्ञ चिर्नहाउस याच्या सोबतीने 1708 साली त्याला खऱ्या चिनी मातीचे गमक सापडले आणि 1710 साली माइसनला कारखाना सुरू झाला. तिथली कोरी पांढरी भांडी आउग्सबुर्ग गावी जात. झॉइटर आणि आउफेनवर्थ या घराण्यांतले कारागीर त्यांवर छत्र्या धरलेल्या, चहा पिणाऱ्या चिनी माणसांच्या सोनेरी छायाकृती काढत. डोळे आणि कपड्यांच्या चुण्या सोन्यावरच टोकदार हत्याराने कोरलेल्या असत. या ताटल्या आजही पाहत राहाव्यात अशा आहेत.

फ्रान्समध्ये मामला राजसत्तेचा झाला. पॅरिसजवळच्या व्हँसेनच्या कारखान्याने 1748 साली मुलामा देण्याची कृती इपोलीत नावाच्या एका बेनेडिक्टीन साधूकडून विकत घेतली. 1756 साली कारखाना सेव्र इथे हलला आणि लवकरच राजाच्या मालकीचा झाला. 1766 च्या राजाज्ञेने इतरांना चिनी मातीची भांडी करण्याची मुभा मिळाली, पण सोने वापरण्याचा हक्क सेव्रकडेच राहिला. पॅरिसच्या काही कारखानदारांनी राजघराण्यातल्याच बड्या आश्रयदात्यांच्या आडोशाने हा नियम मोडला.

या काळातली उत्तम रीत मधाची. सोन्याचा वर्ख मधात घालून बारीक खलायचा. मधामुळे पापुद्रे एकमेकांना चिकटून गोळा होत नाहीत, सुटे होऊन त्यांची भुकटी होते. मग पाण्याने मध धुऊन काढायचा, भुकटी तेलात कालवून कुंचल्याने नक्षी काढायची आणि मंद आचेवर भाजायची. भट्टीतून सोने निस्तेज, मातकट बाहेर येते. अकीक दगडाच्या हत्याराने घोटल्यावर त्याला ओप चढतो. सेव्रचे कारागीर जाड थर देऊन त्यावर लाकडी मुठीत बसवलेल्या खिळ्याने पाने, फुले, शिरा उमटवत. ज्या भागाला ओप दिला तो चकाकतो, ज्याला दिला नाही तो मंद राहतो, आणि त्या फरकातच नक्षी जिवंत होते. इंग्लंडमध्ये चेल्सी आणि वूस्टर इथेही मधाची रीत होती. मऊ, उबदार आणि बोटाला जाणवणारे हे सोने नंतरच्या कोणत्याही रीतीला साधलेले नाही.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये पाऱ्याची रीत आली. सोने पाऱ्यात मिसळून लावायचे. भट्टीत पारा उडून जातो आणि सोने मागे राहते. काम झपाट्याने होई, थर पातळ बसे, सोनेही कमी लागे. पण रंग पितळेकडे झुकलेला दिसे, आणि पाऱ्याच्या वाफा कारागिरांच्या श्वासात जात. ताटलीच्या झगमगाटाची ही किंमत कारागिरांनी आपल्या शरीराने मोजली आहे.

1830 च्या सुमारास माइसनच्याच हाइनरिश क्यून याने पातळ द्रवरूप सोने तयार केले. ते भट्टीतून चकाकतच बाहेर पडते, घोटण्याची गरज उरत नाही. सोनेरी काठाची ताटली मध्यमवर्गीय घरात पोचली ती यामुळे. हा थर मात्र फार पातळ असल्याने लवकर झिजतो. इंग्लंडमधल्या मिंटन कारखान्याने 1863 साली आम्लाची रीत आणली. झिलईवर हायड्रोफ्लोरिक आम्लाने नक्षी खोदायची, वर सोने चढवायचे आणि घोटायचे. उठावाचा भाग चमकतो, खोलगट भाग मंद राहतो. श्रीमंती भोजनसंचांच्या रुंद सोनेरी काठांवर ही रीत विसाव्या शतकातही चालू राहिली.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांच्या संग्रहांतली चिनी आणि जपानी भांडी आहेत. युरोपातली पाहायची तर हैदराबादचे सालारजंग संग्रहालय आहे. घरात आजी-पणजीच्या वेळची सोनेरी काठाची ताटली असेल, तर ती मायक्रोवेव्हमध्ये किंवा भांडी धुण्याच्या यंत्रात घालू नये आणि काथ्याने घासू नये. कोमट पाणी, सौम्य साबण आणि मऊ फडके एवढे तिला पुरते.