कुठला रुपया?

पेशवाईच्या काळात कुणी शंभर रुपये देऊ केले, तर घेणाऱ्याला आधी एक प्रश्न पडायचा: कुठले रुपये? चांदवडी की अंकुशी, की आणखी कुठल्या टांकसाळीचे? नाव सगळ्यांचं रुपयाच, पण चांदी कमीजास्त. मग सराफ नाणं वाजवून बघायचा, कसाला लावायचा आणि बट्टा कापून घ्यायचा. १८३५ साली कंपनी सरकारने कायदा करून १८० ग्रेन वजनाचा एकच रुपया ठरवला. त्यानंतर हा घोळ हळूहळू मिटत गेला. कंपनीने हे रयतेच्या प्रेमापोटी केलं असं मुळीच नाही, त्यांना त्यांचा व्यापार आणि वसुली सोपी करायची होती. तरी त्यातून एक गोष्ट झाली खरी. रुपया म्हटलं की चांदी किती, हे ठरून गेलं.

बत्तीस वर्षं शाळेत हा धडा शिकवला. पण "कुठला रुपया?" हाच प्रश्न या वयात कॉम्प्युटरच्या बाजारात पुन्हा भेटेल असं काही वाटलं नव्हतं. हल्ली गल्लीतली मुलं, आणि आता त्यांचे आईबापही, माझ्याकडे दुकानदारांची कोटेशनं घेऊन येतात. मी बीए झालेली, तीही मराठी माध्यमातून. विजेच्या मंडलांमधलं मला काय कळणार? पण सनावळ्या आणि वंशावळी लावायची सवय आहे, आणि मंडळी, ग्राफिक्स कार्ड घ्यायला नेमकी तीच लागते!

ग्राफिक्स कार्ड म्हणजे पडद्यावरचं चित्र तयार करणारा, कॉम्प्युटरमध्ये बसवायचा वेगळा भाग. गेम खेळायला लागतं, तसं अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओच्या कामालाही लागतं. त्याच्या नावात एक आकडा असतो. आपली साधी समजूत अशी की आकडा मोठा म्हणजे वस्तू चांगली. इतिहासाच्या बाईंना विचाराल तर त्या सांगतील, तसं काही नसतं. पहिल्या बाजीरावानंतर दुसरा बाजीराव आला, म्हणून पराक्रम दुप्पट झाला का?

याचं गाजलेलं उदाहरण २००२ सालचं. एनव्हिडिया कंपनीने २००१ मध्ये जीफोर्स ३ हे कार्ड काढलं होतं. पाण्यावरची लकाकी, धातूची चमक कशी दिसावी हे गेम लिहिणाऱ्याला स्वतः ठरवता येईल, अशी शेडर नावाची नवी सोय त्यात होती. पुढच्या वर्षी जीफोर्स ४ आलं, पण दोन रूपांत. महागाचं टीआय आणि स्वस्तातलं एमएक्स. टीआय खरोखरच तिसऱ्या पिढीच्या पुढचं होतं. एमएक्स मात्र मुळात जीफोर्स २ च्या घराण्यातलं, आणि जीफोर्स ३ मधली ती नवी सोय त्यात नव्हती. म्हणजे नाव चौथ्याचं, गुण बरेचसे दुसऱ्याचे! 'डूम' या गेमचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी तेव्हाच या नावांवर उघड टीका केली होती आणि आपल्या पुढच्या गेमसाठी एमएक्स घेऊ नका असं सांगितलं होतं. पण ते वाचलं कुणी? जाणकारांनी. दुकानात उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दिसला तो फक्त ४ चा आकडा. पुढे जे गेम शेडरशिवाय चालतच नाहीत असे आले, ते या कार्डावर सुरूही झाले नाहीत.

एकट्या एनव्हिडियाला नावं ठेवून उपयोग नाही. कॅनडातली एटीआय ही तिची प्रतिस्पर्धी. तिच्या आकड्यांना आधी चांगला अर्थ होता. मायक्रोसॉफ्टच्या डायरेक्टएक्स या प्रणालीची सातवी आवृत्ती पाळणारं कार्ड ७५००, आठवी पाळणारं ८५००, नववी पाळणारं ९७००. किती सोपं! पण त्याच २००२ मध्ये रेडिऑन ९००० आलं. ते आठव्या आवृत्तीचंच होतं, आणि वेगाला आदल्या वर्षीच्या ८५०० पेक्षा कमी. मग मूळचं ८५०० च ९१०० या नावाने विकायला आलं. २००६ मध्ये एएमडीने एटीआय विकत घेतली आणि नंतर ते नावही मागे पडलं. आता २०२५ साली एएमडीने आरएक्स ९०७० काढलं, म्हणजे नऊ हजारांचे आकडे तेवीस वर्षांनी पुन्हा आले. जुन्या बाजारात फिरणाऱ्याने तर दोनदा बघून घ्यावं.

आकड्याच्या शेपटीला लागणारी अक्षरंही अशीच. २००३ च्या अखेरीस एटीआयचं ९८०० एक्सटी हे सगळ्यात वरचं कार्ड होतं. त्याच सुमारास एनव्हिडियाने ५९०० एक्सटी काढलं, ते मात्र साध्या ५९०० पेक्षा खालचं! एकाच्या घरात एक्सटी म्हणजे थोरले, दुसऱ्याच्या घरात धाकटे.

आता नामांतराची गोष्ट. २००७ च्या ऑक्टोबरात आलेलं ८८०० जीटी हे फार चांगलं कार्ड. २००८ मध्ये तेच जवळजवळ जसंच्या तसं ९८०० जीटी झालं. त्याच चिपचं ९८०० जीटीएक्स प्लस २००९ मध्ये जीटीएस २५० नावाने आलं. एकच चिप, आणि तीन पिढ्यांची आडनावं लावून झाली. नवी चिप बनवायला अफाट खर्च येतो, नवं नाव द्यायला खोका छापण्याएवढा. न्यायाने सांगायचं तर पहिल्यांदाच कार्ड घेणाऱ्याचं यात फार बिघडलं नाही, वस्तू चांगलीच होती. फसला तो ८८०० काढून हौसेने ९८०० बसवणारा.

सगळ्यात अवघड प्रकार म्हणजे नाव एक आणि आत वस्तू दोन. २०१७ मध्ये जीटी १०३० नावाचं छोटं, स्वस्त कार्ड आलं. त्याची मेमरी जीडीडीआर ५ जातीची, सेकंदाला ४८ जीबी माहिती ने-आण करणारी. २०१८ मध्ये त्याच नावाने साध्या डीडीआर ४ मेमरीचं कार्ड आलं, त्याचा वेग १६.८ जीबी. जवळजवळ एक तृतीयांश! आणि आकडा तोच, १०३०. पुढे आरटीएक्स ३०५० चं असंच झालं. २०२२ च्या ८ जीबीच्या कार्डात गणित करणारे घटक २५६०. २०२४ च्या ६ जीबीच्या कार्डात २३०४, आणि मेमरीचा रस्ताही १२८ बिटांवरून ९६ बिटांवर आलेला. वाचणाऱ्याला वाटतं, फरक काय तो दोन जीबीचा.

माझा एक जुना विद्यार्थी इस्त्रीचं दुकान चालवतो. त्याची मुलगी अ‍ॅनिमेशन शिकते. मध्यंतरी तो दोन कोटेशनं घेऊन आला आणि म्हणाला, "बाई, दोन्हीवर नाव एकच आहे, मग भावात अडीच हजारांचा फरक कसा? स्वस्तातलं घेऊ ना?" मी म्हटलं, "थांब रे. आधी मेमरी कुठली आणि किती बिटांची, ते दुकानदाराला विचार." दुकानदाराला ते सांगता येईना. नाव तेच आहे म्हटल्यावर वस्तूही तीच, एवढंच त्याचं म्हणणं. खोक्याच्या एका कडेला बारीक अक्षरांत सगळं छापलेलं होतं, ते मुलीने भिंग घेऊन वाचलं. वस्तू दोन निघाल्या. एक महिना थांबून त्यांनी दुसरं कार्ड घेतलं. तिच्या बापासाठी अडीच हजार म्हणजे किती कपडे, याचा हिशोब मी मनातल्या मनात केला.

म्हणून मी सगळ्यांना तीन प्रश्न सांगते. आतली चिप कुठली आणि कुठल्या सालची? मेमरी कुठल्या जातीची, नुसती किती जीबी नव्हे? आणि तिचा रस्ता किती बिटांचा? मग आपल्याला जे काम करायचं, त्याच कामाची कुणी चाचणी घेतली असेल तर ती बघावी. आकडा सगळ्यात शेवटी वाचावा.

पण खरं सांगू? हे प्रश्न सांगताना मला समाधान वाटत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स ४०८० या एकाच नावाने दोन कार्डं जाहीर केली होती, १६ जीबीचं आणि १२ जीबीचं. एकात ९७२८ घटक, दुसऱ्यात ७६८०. धाकट्याची किंमत ८९९ डॉलर. जगभर ओरड झाली आणि ऑक्टोबरात कंपनीने ते बाजारात येण्याआधीच मागे घेतलं. पुढे २०२३ च्या जानेवारीत ते ४०७० टीआय या नावाने आलं. म्हणजे नाव बदलता येतं! शंभर डॉलरच्या आतल्या १०३० बद्दलही जाणकार बोलले होते, पण नाव होतं तेच राहिलं. नऊशे डॉलर देणारा गिऱ्हाईक परीक्षणं वाचतो, वाद घालतो, त्याचा आवाज पोचतो. स्वस्तातलं घेणारा नावावर विश्वास ठेवतो, कारण त्याच्याजवळ दुसरं काही नसतं. ज्याला नावाचा आधार सगळ्यात जास्त लागतो, त्याच्याच वाट्याला सगळ्यात हलकं नाव येतं. 'नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा' ही म्हण आपण सोनुबाईला हसण्यासाठी वापरतो. इथे ते नाव दुसऱ्यानेच ठेवलेलं आहे.

रुपयाचा घोळ मिटला तो प्रत्येक शेतकऱ्याला सराफी शिकवून नव्हे. रुपया म्हटलं की आत किती चांदी, हे बांधून दिलं म्हणून मिटला. कार्डाच्या नावालाही असं काही बंधन हवं. आतली वस्तू बदलली की नाव बदललंच पाहिजे, एवढं जरी झालं तरी पुष्कळ. तोवर मात्र इस्त्रीवाल्यालाही सराफ व्हावं लागणार, आणि म्हाताऱ्या बाईंना भिंग घेऊन खोके वाचावे लागणार. असो. दृष्टी आहे तोवर वाचू.