हृदयाचे चित्र टिपणारे हात

आपल्या मंडळातील वडीलधाऱ्यांपैकी अनेकांचा ‘एको’ कधी ना कधी निघालेला असतो. अंधाऱ्या खोलीत डाव्या कुशीवर झोपवून, छातीवर जेली लावून हृदयाची चित्रे टिपणारी व्यक्ती येथे अमेरिकेत सहसा डॉक्टर नसते. ती असते सोनोग्राफर. हा पेशा आला कोठून?

स्वीडनमधील लुंड येथे २९ ऑक्टोबर १९५३ रोजी हृदयतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने हृदयाची हालचाल टिपली. यंत्र मुळात धातूतील तडे शोधण्याचे! अमेरिकेत हे तंत्र रुजवण्यात इंडियानापोलिसच्या डॉ. हार्वे फायगेनबॉम यांचा मोठा वाटा. मेंदूच्या तपासणीचे पडून असलेले यंत्र त्यांनी हृदयासाठी वापरून पाहिले. हृदयाभोवती साचलेले पाणी ओळखण्याविषयीचा त्यांचा लेख १९६५ साली प्रसिद्ध झाला. पण ही तपासणी वेळखाऊ. म्हणून डॉक्टर नसलेल्यांना त्यांनी हे काम शिकवले. गुरूजवळ बसून हात बसवायचा, हेच शिक्षण!

यात एक धोका होता. डॉक्टर अहवाल देतात तो टिपलेल्या चित्रांवरून. झडप नीट टिपलीच गेली नाही, तर तिचा दोष अहवालात उतरणार कसा? तेव्हा हात पारखायला परीक्षा हवी. १९७५ साली सोनोग्राफरांची परीक्षा घेऊन नोंदणी करणारी एआरडीएमएस ही संस्था स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकन सोसायटी ऑफ एकोकार्डिओग्राफीही.

आज या संस्थेच्या दोन परीक्षा द्याव्या लागतात: एक ध्वनिलहरींच्या भौतिकशास्त्राची, दुसरी हृदयाच्या तपासणीची. दोन्ही उत्तीर्ण झाल्यावर ‘आरडीसीएस’ ही मान्यता मिळते. सीसीआय या संस्थेची ‘आरसीएस’ परीक्षाही आहे. बहुतेक राज्यांत सरकारी परवाना लागत नाही. पण रुग्णालये बहुधा यापैकी एक मान्यता मागतातच.

आपल्या घरांत मुलांपुढे ‘डॉक्टर की इंजिनिअर’ एवढाच प्रश्न असतो. भारतातील पदवी कपाटात ठेवून येथे नव्याने सुरुवात करणाऱ्या भगिनीही आपल्यात आहेत. त्यांच्यासाठी हा सन्मानाचा मार्ग आहे. मात्र शुल्क भरण्याआधी एक खात्री करावी: अभ्यासक्रमाला सीएएएचईपीची मान्यता आहे ना? नसल्यास पैसे भरूनही परीक्षेला बसताना अडचण येऊ शकते.

पुढच्या वेळी एको काढायला जाल, तेव्हा त्या हातांना धन्यवाद द्यायला विसरू नका. डॉक्टरांना आपले हृदय दिसते ते त्यांच्यामुळेच.