लिग्निन म्हणजे काय? झाडातलं ‘सिमेंट’ कमी केलं तर काय होतं?

साकीनाक्याला कुठल्याही गाळ्याबाहेर रचलेले पुठ्ठ्याचे खोके बघा. त्यांचा तपकिरी रंग बराचसा लिग्निनचा. जुना पेपर उन्हात पिवळा पडतो, तोही याच्यामुळेच.

झाडाच्या पेशींच्या भिंतीत सेल्युलोजचे धागे असतात आणि लिग्निन त्यांना घट्ट धरून ठेवतं. स्लॅबमध्ये सळ्या आणि सिमेंट असतं ना, तसंच. लाकडात ते साधारण २० ते ३० टक्के असतं. पण कागदवाल्यांना हवं असतं फक्त सेल्युलोज, म्हणून लाकूड रसायनांत शिजवून लिग्निन काढावं लागतं. इथेनॉलचीही तीच अडचण. उसाच्या चिपाडातल्या सेल्युलोजची साखर करायला एन्झाइम सोडलं, की लिग्निन आडवं येतं.

मग झाडातच लिग्निन कमी बनलं तर?

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) यासाठी सुबाभळीच्या जीन्सवर काम झालंय. आपल्याकडे सुबाभूळ कागदासाठी लावतात. लिग्निन एका झटक्यात बनत नाही, एकामागून एक बरीच एन्झाइम्स कामाला लागतात. त्यातल्या एकाचा जीन दाबला की उत्पादन घटतं. ऐकायला सोपं वाटतं, पण २०११ मध्ये हैदराबादच्या संशोधकांनी सुबाभळीचा सीसीआर हा जीन वापरून तंबाखूत तोच जीन दाबला, तेव्हा लिग्निन घटलं खरं, पण रोपं खुजी राहिली आणि पानं सुरकुतली. सिमेंट काढलं की इमारत डगमगणारच! शेंड्यापर्यंत पाणी नेणाऱ्या नळ्यासुद्धा लिग्निनमुळेच ताठ राहतात.

त्यामुळे २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या गटाने वेगळी युक्ती केली, आणि मला तीच जास्त आवडते. लिग्निन कमी न करता पॉप्लर झाडाच्या लिग्निनमध्ये सहज तुटणारे दुवे घातले. झाड उभं राहतं, कारखान्यात मात्र लवकर सुटतं. पुढे २०२३ मध्ये अमेरिकेत क्रिस्परने पॉप्लरचे अनेक जीन्स एकदम बदलले. काही झाडांत लिग्निन जवळपास निम्म्यावर आलं.

आपल्याकडे अशी झाडं शेतात कधी दिसतील? भारतात व्यापारी लागवड असलेलं जीएम पीक एकच, बीटी कापूस, तेही २००२ पासून. त्यात सुबाभळीला भरमसाट बी येतं आणि ती कुठेही उगवते. जगातल्या १०० सर्वात त्रासदायक आक्रमक प्रजातींच्या यादीत तिचं नाव आहे. बदललेला जीन बियांबरोबर शेताबाहेर जाणार नाही, हे आधी दाखवावं लागेल.