हिंगणघाटची कबर आणि पृथ्वीचे मोजमाप

वर्धा जिल्ह्याच्या दक्षिण भागात कापसासाठी नाव कमावलेले हिंगणघाट आहे. तिथे एका इंग्रज भूमापकाची कबर आहे. विल्यम लॅम्बटन हे त्यांचे नाव. मोजणीचे मुख्य ठाणे हैदराबादहून नागपूरला हलवण्याच्या प्रवासात २० जानेवारी १८२३ रोजी त्यांचा येथे मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय सत्तरीच्या आसपास होते. लंडनच्या रॉयल सोसायटीचे ते सदस्य होते आणि ज्या फ्रान्सशी त्यांचा देश आयुष्यभर लढला, त्या फ्रान्सच्या विज्ञान अकादमीचेही ते पत्रसदस्य होते. हे दोन्ही मान त्यांना १८१७ साली मिळाले. शत्रुराष्ट्रांच्या दोन विद्वत्सभांनी एकाच माणसाचा गौरव करावा, याचे कारण त्यांच्या कामाच्या स्वरूपात आहे.

पृथ्वीचा आकार नेमका कसा आहे, हा अठराव्या शतकातील युरोपचा मोठा प्रश्न होता. फिरत्या पृथ्वीचे ध्रुव चपटे असले पाहिजेत, असे न्यूटन यांचे गणित सांगत होते. फ्रान्समधील मोजणीवरून काही जण याच्या उलट निष्कर्ष काढत होते. वादाचा निकाल लावायचा तर अक्षांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्ताजवळ आणि ध्रुवाजवळ, अशी दोन्हीकडे मोजायला हवी होती. १६६६ साली स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीने राजाच्या खजिन्यातून खर्च मिळवला आणि १७३५ साली एक तुकडी आजच्या इक्वेडोरकडे, तर १७३६ साली दुसरी लॅपलंडकडे पाठवली. पहिली तुकडी स्पेनच्या वसाहतीत काम करत होती, त्यामुळे तिला स्पॅनिश राजाची परवानगी घ्यावी लागली आणि दोन स्पॅनिश नौदल अधिकारी तिच्याबरोबर राहिले. न्यूटन बरोबर ठरले. आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक सहकार्याची घडीही याच मोहिमांत बसली. प्रश्न विद्वत्सभेने मांडायचा, पैसा राज्यसत्तेने द्यायचा आणि मोजणी परक्या भूमीवर तिथल्या सत्तेच्या संमतीने करायची, अशी ती घडी होती.

पुढचे पाऊल इंग्लंड आणि फ्रान्स यांनी मिळून टाकले. ग्रिनिच आणि पॅरिस या दोन वेधशाळांमधील अंतर त्रिकोणांच्या साखळीने जोडावे, अशी सूचना फ्रान्सकडून १७८३ साली आली. रॉयल सोसायटीने ती उचलली, राजा तिसरा जॉर्ज याने उपकरणांचा खर्च सोसला आणि विल्यम रॉय यांनी १७८४ साली हाती घेऊन हे काम पार पाडले. फ्रेंच क्रांतीनंतर डनकर्क ते बार्सिलोना ही मोजणी झाली आणि तिच्यातून मीटर हे माप जन्मले. लॅम्बटन यांच्यापुढे हा सगळा वारसा होता.

१७९९ च्या म्हैसूर युद्धात लढलेल्या लॅम्बटन यांनी दक्षिण भारत समुद्रापासून समुद्रापर्यंत त्रिकोणांनी मोजण्याची योजना मद्रास सरकारपुढे ठेवली. नकाशा आणि रस्ते सरकारच्या उपयोगाचे होते. पृथ्वीचा आकार हा लॅम्बटन यांचा स्वतःचा ध्यास होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाऱ्यांना हा खर्च पटत नव्हता. श्रीरंगपट्टणला जायचे असेल तर पालखीच्या भोयांना सांगितले की पुरे, त्यासाठी नकाशा कशाला, असा आक्षेप मद्रासच्या एका सभासदाने घेतल्याचे सांगितले जाते. बंगालचे नामांकित भूमापक जेम्स रेनेल यांनाही हे काम दुबार वाटत होते. इंग्लंडचे राजज्योतिषी नेव्हिल मॅस्किलिन यांनी या मोजणीचे वैज्ञानिक मोल समजावून सांगितल्यावर रेनेल यांचा विरोध मावळला. विद्वत्सभेच्या वर्तुळातील माणसाचा शब्द हजारो मैलांवरच्या खर्चाला असा उपयोगी पडला.

१० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटच्या पायथ्याशी पायारेषेची मोजणी सुरू झाली. शंभर फूट लांबीची पोलादी साखळी लाकडी पेट्यांत सरळ ठेवायची, पेट्या तिवयांवर समपातळीत बसवायच्या, उन्हाने पोलाद किती वाढले हे तापमापकावर पाहायचे आणि मगच पुढचे शंभर फूट मोजायला घ्यायचे, अशी पद्धत होती. साडेसात मैलांच्या या रेषेला ५७ दिवस लागले. एवढी काटेकोरी आवश्यक होती, कारण पुढे अंतर फारसे मोजायचेच नव्हते. पायारेषेच्या दोन्ही टोकांवरून दूरच्या टेकडीवरील निशाण पाहायचे, कोन घ्यायचे आणि उरलेल्या दोन बाजू गणिताने काढायच्या. त्यांतली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होई. पहिल्या रेषेत वीतभर चूक राहिली, तर शेकडो मैलांवर ती वाढत जाणार होती.

उपकरणांची कथाही सहकार्याचीच आहे. साखळी आणि ताऱ्यांवरून अक्षांश काढण्याचे नभोमध्य वेधयंत्र या दोन्ही वस्तू मुळात लॉर्ड मॅकार्टनी यांच्या चीनमधील वकिलातीबरोबर गेल्या होत्या. त्या वकिलातीतील जेम्स डिनविडी यांच्याकडून त्या भारतात आल्या. कोन मोजण्याचे मोठे थिओडोलाइट लंडनच्या विल्यम कॅरी यांनी बनवले होते आणि त्याचे वजन सुमारे अर्धा टन होते. ते आणणारे जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेले. यंत्र कशासाठी आहे हे कळल्यावर तिथल्या फ्रेंच गव्हर्नरने ते शुभेच्छांसह मद्रासला रवाना केले. १८०८ साली तंजावरात, दुसरे सरफोजी राजे यांच्या काळात, हे यंत्र मंदिराच्या उंच शिखरावर चढवताना दोर तुटला आणि त्याचे मोठे वर्तुळ वाकले. नवे यंत्र येण्यात वर्षे गेली असती. लॅम्बटन यांनी तंबूत बसून सुमारे सहा आठवड्यांत ते पूर्ववत केले.

या मोजणीचे निकाल कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेत आणि १८१८ साली रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. छापल्यामुळे ते कोणाही देशाच्या गणितज्ञाला पडताळता आले आणि पॅरिसने त्यांची दखल घेतली. १ जानेवारी १८१८ पासून मोजणी कलकत्त्याच्या सर्वोच्च सरकारकडे गेली आणि तिला भारताचे महात्रिकोणमितीय सर्वेक्षण हे नाव मिळाले. लॅम्बटन यांच्या हयातीत १ लाख ६५ हजार चौरस मैलांहून अधिक प्रदेश त्रिकोणांखाली आला. हा पैसा कंपनीच्या भारतीय महसुलातून आला आणि त्या महसुलाचा मोठा भाग शेतसाऱ्याचा होता. टेकड्यांवर निशाणे धरून उभे राहणारे, जंगल तोडून दृष्टिरेषा मोकळी करणारे आणि यंत्र खांद्यावर वाहणारे खलाशी व हमालही इथलेच होते. हिवतापाने त्यांच्यातील अनेकांचा बळी घेतला. त्यांची नावे कोणत्याही विद्वत्सभेच्या यादीत नाहीत.

मोजणीची मुख्य रांग ७८ अंश रेखावृत्ताच्या आसपास होती. हिंगणघाट तिच्या थोडे पूर्वेला येते. लॅम्बटन यांच्यानंतर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी काम हाती घेतले आणि वऱ्हाडातून सिरोंजमार्गे रांग हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. १८४१ साली सुमारे २,४०० किलोमीटरचा हा महाकंस पूर्ण झाला. एव्हरेस्ट यांनी १८३० साली या मोजणीवरून काढलेले पृथ्वीचे लंबवर्तुळ भारतीय नकाशांचा दीर्घकाळ पाया राहिले. याच सुमारास रशियात पीटर्सबर्गच्या अकादमीशी निगडित स्ट्रूव्ह आर्क्टिक समुद्रापासून काळ्या समुद्रापर्यंतचा कंस मोजत होते. पृथ्वीचे गणित करताना दोन्ही कंस शेजारी ठेवावे लागत.

महाकंसाच्या आकड्यांतील एका विसंगतीमुळे नवे शास्त्रच उभे राहिले. कल्याणपूर आणि कल्याणा या दोन ठाण्यांमधील अंतर त्रिकोणांनी एक येई आणि ताऱ्यांच्या वेधांनी दुसरे. फरक कोनाच्या ५.२३६ सेकंदांचा होता. हिमालयाचे वस्तुमान ओळंब्याला ओढते, हे कारण कलकत्त्याचे आर्चडीकन जॉन प्रॅट यांनी तपासले. हिशेबाने फरक १५.८८५ सेकंद यायला हवा होता. १८५५ साली हा निबंध रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला आणि त्याच वर्षी जॉर्ज एअरी यांनी स्पष्टीकरण मांडले. पर्वतांखाली हलक्या खडकाची मुळे खोलवर गेलेली असतात, म्हणून त्यांची ओढ अपेक्षेपेक्षा कमी पडते. भूकवचाच्या समतोलाची संकल्पना ती हीच.

मग गुरुत्वाकर्षणच मोजायचे ठरले. रॉयल सोसायटीने लंबक उसने दिले आणि १८६५ पासून जेम्स बसेव्ही यांनी ते ठाण्याठाण्यांवर झुलवून पाहिले. १८७१ साली लडाखच्या पठारावर हेच काम करताना त्यांचा मृत्यू झाला. पीटर्सबर्गच्या अकादमीनेही आपले लंबक पाठवले आणि बसेव्ही यांच्यानंतर हेविसाइड यांनी दोन्ही संचांनी मोजणी पुरी केली. मध्य आशियात इंग्लंड आणि रशिया एकमेकांकडे संशयाने पाहत असतानाचा हा व्यवहार आहे. संशोधनासाठी नियमित अनुदानाची वाटही याच काळात रुळली. १८५० पासून ब्रिटिश सरकार दरवर्षी १,००० पौंड रॉयल सोसायटीच्या हाती देऊ लागले आणि कोणाला किती द्यायचे हे सोसायटी ठरवू लागली.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतही असेच सहकार्य घडले. पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद जगभर ठरलेल्या वेळी व्हावी, ही जर्मनीतील गॉस यांच्या मंडळाची कल्पना रॉयल सोसायटीने पुढे नेली आणि कंपनीने खर्च मान्य केला. १८४१ पासून कुलाब्यात या नोंदी सुरू झाल्या. केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले. विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ साली ही निरीक्षणे अलिबागला नेली गेली आणि ती आजही चालू आहेत. १८४१ सालीच मुंबईचे जहाज अभियंते अर्देशीर कर्सेटजी वाडिया रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. महाकंसाचे गणिती राधानाथ सिकदर यांचा सन्मान १८६४ साली बव्हेरियातील एका विद्वत्सभेने केला.

पुढे या सहकार्याला कायम संस्था मिळाल्या. १८६२ साली भूमापक बेयर यांनी मध्य युरोपातील देशांचा भूमापन संघ उभारला. १८९९ साली अकादम्यांचा आंतरराष्ट्रीय संघ झाला. पहिल्या महायुद्धाने तो मोडला आणि १९१९ साली भूगणित व भूभौतिकी यांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला. १९३१ साली अशा विषयसंघांवर आंतरराष्ट्रीय विज्ञान संघ परिषद आली. २०१८ पासून तिची जागा आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेने घेतली आहे.

भारताची स्वतःची अकादमी या मालिकेत उशिरा आली. मेघनाद साहा यांच्या पुढाकाराने अलाहाबादला १९३० साली, तर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या पुढाकाराने बंगळूरला १९३४ साली अकादमी निघाली. १९३५ साली कलकत्त्यात राष्ट्रीय विज्ञान संस्था स्थापन झाली. १९७० पासून तिचे नाव भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी असे आहे. आंतरराष्ट्रीय परिषदेत हीच अकादमी भारताची बाजू मांडते आणि इतर देशांच्या अकादम्यांशी करार करून संशोधकांची देवाणघेवाण घडवते. खर्चासाठी पैसा मुख्यतः केंद्र सरकारकडून येतो. लॅम्बटन यांच्या काळात महसूल इथला, श्रम इथले आणि सदस्यत्व लंडन-पॅरिसचे, अशी विभागणी होती. आज प्रश्न मांडणारी सभाही इथलीच आहे.