गिऱ्हाइकाचा परतावा : नाणें कीं तिकीट ?

भाजीची खरेदी आटोपल्यावर भाजीवालीनें पिशवींत चार मिरच्या आणि कोथिंबिरीच्या दोन काड्या वर टाकाव्या, हा आपल्याकडील जुना रिवाज आहे. तिनें त्याऐवजीं रुपया-दोन रुपयांची सूट दिली, तर ती कोणी नाकारणार नाहीं. परंतु फुकट आलेल्या कोथिंबिरीनें मनाला जी गुदगुली होते, ती सुटीनें होत नाहीं, हें कोणतीहि गृहिणी कबूल करील. वस्तूच्या रूपानें आलेला परतावा गोड लागतो. नाण्याच्या रूपानें आलेला परतावा उपयोगीं पडतो. ह्या दोहोंतील जुनें भांडण आज क्रेडिट कार्डाच्या निमित्तानें घरोघर ऐकूं येतें. एक कार्ड खरेदीच्या प्रमाणांत 'पॉइंट' जमा करतें व पुढें त्यांच्या मोबदल्यांत वस्तु किंवा विमानाचें तिकीट देऊं करतें. दुसरें कार्ड खर्चाचे शेंकडा एक-दोन रुपये सरळ खात्यांत परत टाकतें. कोणतें पत्करावें ? प्रश्न नवा भासतो खरा, परंतु त्याची पाळेंमुळें पावणेदोनशें वर्षांहून अधिक खोल गेलेलीं आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील कित्येक खाणवाले व कारखानदार मजुरीचा कांहीं भाग रोख न देतां मालाच्या रूपानें, अथवा आपल्याच दुकानांत चालणाऱ्या बिल्ल्यांच्या रूपानें देत असत. दुकान मालकाचें, भाव मालकाचे, मापहि मालकाचें. मजुराच्या हातीं नाणें नसल्यामुळें त्याला दुसऱ्या दुकानाची पायरी चढतांच येत नसे. अखेर १८३१ सालीं पार्लमेंटानें कायदा करून अनेक धंद्यांतील मजुरी राज्याच्या चलनी नाण्यांतच दिली पाहिजे असें ठरविलें. नाणें कोठेंहि चालतें आणि बिल्ला एकाच दारांत चालतो, हा भेद त्या काळच्या श्रमिकांना पुस्तकांतून शिकावा लागला नाहीं.

पुढें तेरा वर्षांनीं, २१ डिसेंबर १८४४ रोजीं, लँकेशायरमधील रॉचडेल गांवच्या टोड लेन नांवाच्या गल्लींत एक लहानसें दुकान उघडलें. तें काढणाऱ्यांत विणकरांचा भरणा होता. सभासद अठ्ठावीस आणि प्रत्येकाचा एक पौंड, असें अठ्ठावीस पौंडांचें भांडवल त्यांनीं जमविलें होतें. दुकानांत माल किती ? थोडें लोणी, थोडी साखर, गव्हाचें पीठ, ओटचें पीठ आणि मेणबत्त्या. आजूबाजूचे दुकानदार हंसले असतील तर नवल नाहीं. परंतु ह्या मंडळींच्या नियमांत दोन गोष्टी अशा होत्या कीं, त्यांमुळें हें दुकान इतिहासांत राहिलें. पहिली ही कीं, व्यवहार रोखीचा, उधारी बंद. दुसरी ही कीं, माल बाजारभावानें विकावयाचा, आणि खर्चवेंच व भांडवलावरील व्याज वजा जातां जो नफा उरेल तो भांडवलाच्या प्रमाणांत न वांटतां, ज्यानें जितकी खरेदी केली असेल त्या प्रमाणांत त्याला परत करावयाचा. ही दुसरी कल्पना चार्ल्स हॉवर्थ ह्या विणकरानें मांडली असें सांगतात.

ह्या परताव्याला लोक लाडानें 'डिव्ही' म्हणूं लागले. तो रोख उचलतां येई, किंवा दुकानांतच ठेव म्हणून राहूं देतां येई. दररोजच्या पिठामिठांतून कोणी मुद्दाम बचत करावी अशी त्या घरांची स्थिति नव्हती. परंतु न जाणवतां सांचलेली ही रक्कम तिमाहीच्या अखेरीस हातीं आली, म्हणजे मुलाचे जोडे किंवा थंडीचा कोळसा तींतून निघे. येथें एक गोष्ट नीट ध्यानांत ठेवावयास पाहिजे. रॉचडेलचा परतावा म्हणजे दुकानदाराचें औदार्य नव्हे. गिऱ्हाईकच दुकानाचें मालक होतें, आणि जो नफा त्याच्याकडून घेतला गेला होता तोच त्याला परत मिळत होता. मध्यें तिसरा हात नव्हता. मुंबईस नायगांवांत १९४८ सालीं निघालेला 'अपना बाजार' हा ह्याच कुळांतला म्हणावयास हरकत नाहीं.

तिसरा हात अमेरिकेंत आला. १८९६ सालीं थॉमस स्पेरी आणि शेली हचिन्सन ह्या दोघांनीं एक कंपनी काढली. तिचा धंदा वाणसामानाचा नव्हता, कापडाचाहि नव्हता. ती हिरव्या रंगाचीं लहान तिकिटें छापून दुकानदारांस विकत असे. गिऱ्हाइकानें दहा सेंटांचा माल घेतला कीं दुकानदार त्यास एक तिकीट देई. तीं वहींत चिकटवावयाचीं, आणि वह्या भरल्या म्हणजे कंपनीच्या वस्तुभांडारांत जाऊन दिवा, घड्याळ, भांडीं, जें परवडेल तें घेऊन यावयाचें. दुकानदार हा खर्च कां सोशी ? शेजारच्या दुकानांत तिकिटें मिळत नाहींत म्हणून. परंतु शेजाऱ्यानेंहि तींच किंवा दुसऱ्या रंगाचीं तिकिटें सुरू केलीं, म्हणजे दोघांचीं गिऱ्हाइकें जेथल्या तेथें राहत, आणि विक्रीच्या शेंकडा सुमारें दोन टक्के तिकिटांच्या खर्चापायीं मात्र कायमचे जात. ते शेवटीं मालाच्या किमतींत शिरत, हें सांगणें नकोच. कंपनीला तर दुहेरी लाभ. दुकानदाराचे पैसे आज येत, वस्तु द्यावी लागे ती वर्षा-दोन वर्षांनीं. आणि खणांत, जुन्या कोटाच्या खिशांत, घर बदलतांना हरवलेल्या वह्यांत जीं तिकिटें राहून जात, त्यांच्याबद्दल कांहींच द्यावें लागत नसे. न मागितलेलें बक्षीस हाच ह्या धंद्यांतील गोड घांस होता व आजहि आहे.

ह्या पद्धतीविरुद्ध अमेरिकेंतील अनेक राज्यांनीं कायदे केले. फ्लॉरिडानें अशा तिकिटांवर जबर कर बसविला, तेव्हां प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें आणि १९१६ सालीं न्यायालयानें राज्याच्या बाजूनें निकाल दिला. मालाच्या गुणावर विसंबण्याऐवजीं मालाबाहेरच्या कसल्या तरी आमिषावर हा व्यापार विसंबतो, असा त्या निकालाचा एकंदर रोख होता. तरीहि तिकिटें मेलीं नाहींत. दुसऱ्या महायुद्धानंतर मोठमोठीं भांडारें उघडूं लागलीं तसा त्यांना पुन्हा बहर आला. साठाच्या दशकांत त्या हिरव्या तिकिटांची कंपनी असा दावा करूं लागली कीं, अमेरिकन टपालखात्याच्या तिप्पट तिकिटें आपण छापतों.

इंग्लंडांत हें वारें रिचर्ड टॉम्पकिन्स ह्यानें १९५८ सालीं 'ग्रीन शील्ड' नांवानें आणलें. १९६३ मध्यें टेस्को ह्या मोठ्या दुकानसाखळीनें तीं तिकिटें घेतलीं आणि मग रणधुमाळी माजली. सेन्सबरी घराण्यानें तिकिटांस कडवा विरोध केला. ज्याला किंमत कमी करावयाची असेल त्यानें ती सरळ कमी करावी, असें त्या पक्षाचें म्हणणें होतें. वाद पार्लमेंटांत गेला, आणि १९६४ सालीं व्यापारी तिकिटांविषयीं कायदा झाला. त्यांतील मुख्य कलम मोठें मार्मिक होतें. तिकिटें बंद केलीं नाहींत. मात्र प्रत्येक तिकिटावर त्याची रोख किंमत छापली पाहिजे, आणि एकूण पांच शिलिंगांचीं तिकिटें घेऊन येणाऱ्यास तो मागेल तर वस्तूऐवजीं रोकड दिली पाहिजे, असें ठरविलें. म्हणजे १८३१ सालीं मजुराला मिळालेला नाण्याचा हक्क १८६४ नव्हे, १९६४ सालीं गिऱ्हाइकाला मिळाला, असें म्हणतां येईल. तिकिटावर किंमत छापून येतांच त्याची जादू ओसरेल, अशी कायदेकारांची अपेक्षा असावी. परंतु छापलेली रोख किंमत इतकी अल्प असे कीं, वहीच्या बदल्यांत वस्तु घेणेंच शहाणपणाचें वाटे. माणसानें नाण्याचा हक्क मिळविला आणि वस्तूच उचलली !

टॉम्पकिन्स मोठा धोरणी. लोक सूचिपत्र पाहून वस्तु पसंत करतात, तर त्यांच्यापासून तिकिटांऐवजीं पैसेच कां घेऊं नयेत, असा विचार करून त्यानें १९७३ मध्यें आपल्या वस्तुभांडारांतूनच 'आर्गोस' हा दुकानांचा नवा प्रपंच थाटला. १९७७ मध्यें महागाईनें त्रासलेल्या गिऱ्हाइकांना ओढण्यासाठीं टेस्कोनें तिकिटें टाकून दिलीं आणि किंमती उतरविल्या. सेन्सबरीपक्षाचेंच म्हणणें उशिरा कां होईना त्यानें मान्य केलें. ग्रीन शील्डचीं तिकिटें १९९१ सालीं संपलीं. गंमत अशी कीं, त्याच टेस्कोनें १९९५ मध्यें कार्डावर पॉइंट जमा करण्याची योजना काढली. डिंकाची जागा तेवढी यंत्रानें घेतली होती.

कार्डांचा इतिहास थोडक्यांत सांगतां येतो. १९५० सालीं न्यूयॉर्कमध्यें 'डायनर्स क्लब' निघाला. १९५८ मध्यें बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरीं हजारों लोकांना न मागतां कार्डें टपालानें पाठवून दिलीं. भारतांत सेंट्रल बँकेचें कार्ड १९८० सालीं आलें. पॉइंटांचा उगम मात्र बँकेंत नसून विमानांत आहे. १९८१ च्या मे महिन्यांत अमेरिकन एअरलाइन्सनें नेहमींच्या उतारूंच्या नांवावर प्रवासाचे मैल मांडण्यास आरंभ केला, आणि १९८७ मध्यें सिटी बँकेच्या कार्डावर खर्च करूनहि हे मैल मिळूं लागले. जमिनीवर बसून मैल कमावण्याची ही सोय लोकांना फार आवडली. तत्पूर्वींच, १९८६ च्या जानेवारींत, सीअर्स ह्या दुकानदार कंपनीनें 'डिस्कव्हर' कार्ड देशभर जाहीर केलें होतें. त्यास वार्षिक वर्गणी नव्हती, आणि वर्षभराच्या खर्चावर एक टक्क्यापर्यंत रोख रक्कम परत मिळे. अशा रीतीनें तिकीट आणि नाणें दोघेहि नव्या वेषांत समोरासमोर उभे राहिले.

मैलांच्या मोहाचें एक उदाहरण सांगण्याजोगें आहे. १९९९ सालीं एका अमेरिकन खाद्यकंपनीनें मालाच्या वेष्टनांवरील खुणा पाठविणारास विमानाचे मैल देऊं केले. कॅलिफोर्नियांतील एका इंजिनियरानें हिशेब केला, तों पुडिंगच्या लहान वाट्या मैलांच्या मानानें अतिशय स्वस्त पडतात असें त्याला आढळलें. त्यानें सुमारें बारा हजार वाट्या विकत घेतल्या, वेष्टनें काढण्याच्या कामीं एका धर्मादाय संस्थेचे लोक लावले, पुडिंग त्यांनाच देऊन टाकलें, आणि साडेबारा लाखांच्या आसपास मैल पदरांत पाडून घेतले. हा गृहस्थ जिंकला, कारण त्यानें पाटीपेन्सिल हातीं घेतली. पण कंपन्या त्याच्याकरितां योजना काढीत नाहींत; पाटीपेन्सिल न घेणाऱ्यांकरितां काढतात.

हे पैसे येतात कोठून ? कार्डानें पैसे घेतले कीं दुकानदाराला विक्रीचा कांहीं अंश सोडावा लागतो. त्यांतील मोठा वांटा कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो, आणि तिनें त्यांतलाच तुकडा गिऱ्हाइकापुढें बक्षीस म्हणून ठेवावयाचा. दुकानदार तो अंश सर्वांच्याच किमतींत मिसळतो. जो नोटा मोजून देतो त्यालाहि तो भरावा लागतो, आणि त्याला परत मात्र कांहींच मिळत नाहीं. बॉस्टन येथील फेडरल रिझर्व्ह बँकेच्या अभ्यासकांनीं २०१० सालीं अंदाज केला तो असा : रोखीनें व्यवहार करणाऱ्या अमेरिकन कुटुंबाच्या खिशांतून वर्षाला सरासरीनें १४९ डॉलर जातात, आणि कार्ड वापरणाऱ्या कुटुंबाला ११३३ डॉलर मिळतात. रोखीनें चालणारीं कुटुंबें बहुधा गरीब, कार्डवालीं बहुधा सुस्थितींतलीं. रॉचडेलच्या विणकरांना हा हिशेब वाचून काय वाटलें असतें कोणास ठाऊक ! ऑस्ट्रेलियाच्या मध्यवर्ती बँकेनें २००३ मध्यें हा बँकांमधील आकार सरासरी ०·९५ टक्क्यांवरून ०·५५ टक्क्यांवर आणला, तेव्हां तेथील पॉइंटांचें तेजहि उतरलें. युरोपीय संघानें २०१५ मध्यें क्रेडिट कार्डाच्या बाबतींत तो ०·३ टक्क्यांवर बांधून टाकला. भारतांत जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रुपे डेबिट कार्ड ह्यांवरील दुकानदाराचा आकार शून्य करण्यांत आला. त्यांवर घसघशीत बक्षिसें कां मिळत नाहींत तें ह्यावरून उघड होईल.

तर मग निवड कशी करावी ? रोख परताव्याच्या कार्डालाहि कलमें असतात : अमुक मर्यादेपर्यंतच, अमुक दुकानांतच, इंधनावर नाहीं, भाड्यावर नाहीं. परंतु एकदां हातीं आलेला रुपया रुपयाच राहतो. पॉइंटाचें मोल मात्र तो देणाराच ठरवितो, आणि पुढें बदलतोहि तोच. डेल्टा ह्या विमानकंपनीनें २०१५ मध्यें किती मैलांत कोठवर जातां येईल ह्याचा तक्ताच काढून टाकला. तक्ता असतां निदान भाववाढ डोळ्यांना दिसे. उलट ह्या मैलांचें कंपनीला किती मोल, तें २०२० च्या साथीच्या वर्षीं कळलें : विमानें जमिनीवर उभीं असतां युनायटेड एअरलाइन्सनें आपली मैलांची योजना गहाण ठेवून अब्जावधि डॉलरांचें कर्ज उभें केलें. ज्याला वारंवार दूरचा प्रवास घडतो, आणि मुदती व तक्ते पाहण्याचा कंटाळा नाहीं, त्याला पॉइंटांतून रोखीपेक्षां अधिक मिळूं शकतें, हें खरें. बाकीच्या घरांना रोख बरी. आणि ज्याचें देणें दर महिन्याला पुरतें फिटत नाहीं, त्याला दोन्हीं कार्डें सारखींच. कारण थकलेल्या रकमेवर महिन्याला तीन टक्क्यांच्या आसपास व्याज चढत असतां एक-दोन टक्क्यांचा परतावा कोणीकडे राहतो? उधारी बंद ठेवण्याचा टोड लेनचा पहिला नियम दुसऱ्या नियमाच्या आधीं लिहिला होता तो उगीच नव्हे.

टोड लेनवरील तें दुकान आज वस्तुसंग्रहालय झालें आहे. इंग्लंडांतील सहकारी दुकानांत प्रत्येक कुटुंबाचा एक क्रमांक असे. सामान आणावयास पाठविलेल्या मुलाला तो तोंडपाठ करावा लागे, कारण तो सांगितला नाहीं तर डिव्ही भलत्याच्याच नांवावर पडण्याची भीति. तेथील कित्येक वृद्धांना आपल्या आईचा तो क्रमांक अजून न अडखळतां म्हणतां येतो.