हंसा वाडकर : नाव कुणाचं, किंमत कुणाची?

नटाच्या प्रसिद्धीची किंमत म्हटलं की आपल्याला पटकन पैसाच आठवतो. 'अलबेला'चे भगवानदादा आठवतात. 1951मध्ये सारा देश त्या नाचावर डोलत होता आणि पुढे बंगला गेला, गाड्या गेल्या, दादरच्या चाळीत मुक्काम आला. ही गोष्ट करुण आहेच. पण निदान ती कमाई त्यांची होती आणि त्यांनीच ती उधळली, पणाला लावली. आज मला जी बाई घ्यायची आहे, तिच्याबाबतीत हे एवढंही म्हणता येत नाही.

रतन साळगावकर हे तिचं मूळ नाव. पडद्यासाठी ती हंसा वाडकर झाली. 1936च्या 'विजयाची लग्ने'मध्ये ती आली तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची. हौस म्हणून नाही, घर चालायचं होतं म्हणून. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढचं सगळं यातून येतं. जी मुलगी घराची मिळकत होते, तिला घर सोडत नाही. लग्न झाल्यावर आता संसार करावा, सिनेमा पुरे, असं तिला वाटत होतं, ती हे स्वतः सांगते. नवऱ्याला मात्र तिचं काम हवं होतं. कामाचा पैसा हवा आणि कामामुळे येणाऱ्या परपुरुषांचा संशयही. म्हणजे जे करायला लावायचं, त्याचाच जाब विचारायचा!

आता पडद्यावर काय चाललं होतं बघा. बॉम्बे टॉकीजचा 'नवजीवन' झाला आणि 1941मध्ये प्रभातचा 'संत सखू' आला. सासुरवास सोसणारी, विठ्ठलाला हाक मारणारी सखू. मग 1947ला राजकमलचा 'लोकशाहीर राम जोशी' आणि त्यात तमाशातली बया. सोशिक सून आणि फडावरची नाचणारीण, मराठी मनानं बाईसाठी केलेले दोन्ही कप्पे तिनं पडद्यावर भरून टाकले. 'भूमिका' या शब्दाला आपल्याकडे दोन अर्थ आहेत. नटानं वठवायची ती, आणि माणसानं घ्यायची ती. हंसाबाईंना पहिली सतत मिळत गेली, दुसरी घ्यायला गेल्या की कुणीतरी हात धरलाच. एकदा तर त्या सगळं सोडून मराठवाड्यातल्या एका घरात जाऊन राहिल्या. तिथं बाहेरची मोठी नटी कुणी नव्हती, होती ती घरातली आणखी एक बायको. पडद्याबाहेरसुद्धा सखूच वाट्याला आली, फक्त विठ्ठल आला नाही.

दारू, ताटातूट, मुलीपासूनचं अंतर, हे सगळं त्यांनीच सांगितलं आहे, मी त्याची यादी करत बसणार नाही. 1959मध्ये अनंत मान्यांचा 'सांगत्ये ऐका' आला आणि पुण्यात शंभरावर आठवडे चालला. यश याहून मोठं काय असतं? आणि आत्मकथनाला त्यांनी नाव दिलं तेच, 'सांगत्ये ऐका'. श्री. ग. माजगावकरांच्या 'माणूस'मध्ये ते क्रमशः आलं, नंतर राजहंसनं पुस्तक काढलं.

इथं इतिहासाच्या विद्यार्थ्यानं थोडं थांबलं पाहिजे. हे बाईंनी बोललेलं आहे, लेखणी अरुण साधूंची आहे. म्हणजे स्मरण एकाचं, मांडणी दुसऱ्याची. तारखांसाठी यावर विसंबू नका. पण माझ्या मते एका बाबतीत ते पक्कं साधन आहे : प्रसिद्ध बाईच्या मिळकतीवर कुणाकुणाचा हक्क चालत होता, याचं. इतकं उघड बोलणारी साक्षीदार त्या काळात दुसरी शोधावी लागेल. चटकदार मजकूर म्हणून ते वाचणारेही असणारच. ज्या प्रेक्षकानं सखूला हात जोडले, त्यानं रतनचं दुःखही तिकीट काढल्यासारखं वाचलं असेल तर नवल नाही.

1971मध्ये त्या गेल्या, पन्नाशीही गाठली नव्हती. सहा वर्षांनी श्याम बेनेगलांनी या आत्मकथनावरून चित्रपट केला. नाव 'भूमिका'. त्यासाठी स्मिता पाटीलना अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातल्या नायिकेचं नाव मात्र हंसा नाही आणि रतनही नाही. तिथं ती उषा आहे, आणि पडद्यासाठी उर्वशी.