बहिणीच्या नाळेचे रक्त

‘रक्ताचे नाते’ हे शब्द आपण नित्य उच्चारतो. त्या नात्यातून गुण येतात, तसे क्वचित दोषही येतात. आणि तेच नाते कधी प्राणही वाचविते. एका बालरोगाच्या इतिहासातून हे सत्य आम्ही ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

इ. स. १९२७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बालवैद्य गीदो फांकोनी ह्यांनी एकाच घरातील तीन भावांची हकीकत प्रसिद्ध केली. तिघांच्याही अंगचे रक्त आटत चालले होते. रक्त उत्पन्न होते ते हाडांच्या पोकळीतील मगजात. त्यास अस्थिमज्जा म्हणतात. ह्या विकारात ती हळूहळू निकामी होते. मूल पांढरेफटक पडते, अंगावर निळे डाग उठतात. पुष्कळांची उंची खुंटते, काहींचे अंगठे जन्मतःच अपुरे असतात. ह्या मुलांच्या पेशींतील गुणसूत्रे सहज तुटतात, असे १९६४ मध्ये जर्मन संशोधकांस आढळले. विकारास फांकोनींचेच नाव मिळाले.

पुढे १९८८ मध्ये पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात हाच विकार जडलेला एक पाच वर्षांचा अमेरिकन मुलगा आला. त्याच्या बहिणीच्या जन्मसमयी तिच्या नाळेतील रक्त गोठवून जपले होते. एरवी वारेबरोबर टाकून दिले जाणारे ते रक्त डॉ. एलियान ग्लुकमन ह्यांनी भावास दिले. नाळेच्या रक्ताचे असे रोपण जगात प्रथमच झाले. ते त्याच्या हाडांत रुजले आणि तो मुलगा पुढे अनेक दशके जगला.

आता आपल्या घरची गोष्ट. असे मूल जन्मले की सुनेस पांढऱ्या पायाची म्हणण्याची दुष्ट चाल आम्ही पाहिली आहे. वस्तुतः ह्या विकाराच्या बहुतेक प्रकारांत दोष आई व बाप दोघांकडूनही यावा लागतो. दोघे स्वतः धडधाकट असतात. तरी प्रत्येक खेपेस चारांत एक मूल आजारी निपजण्याचा संभव राहतो. आते-मामे भावंडांच्या विवाहात एकाच पूर्वजाचा दोष दोन्हीकडून येऊन मिळण्याचा धोका अधिक. मग एकट्या सुनेस बोल कसा लावावा?

म्हणून आमची नम्र विनंती एवढीच. ज्या कुळात असे मूल होऊन गेले असेल, त्यांनी ते झाकून ठेवू नये. सोयरीक जुळविताना पत्रिका जोशीबुवांस दाखवितो, तशी कुळाची ही हकीकत आनुवंशिक रोगांच्या जाणत्या डॉक्टरांस अवश्य सांगावी. त्यात कुळास कमीपणा नाही; येणाऱ्या बाळाचे हित मात्र आहे.